बारावं मिनिट

मी अठ्ठावीस वर्षं मानसशास्त्राचा इतिहास शिकवला आणि दर वर्षी पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारला. एक मूल रडतंय. तुम्ही काय कराल?

पोरं म्हणायची, उचलून घेऊ. मी म्हणायची, बसा खाली, तेवढ्यासाठी एम.ए. करायची गरज नाही. मग एकेका संप्रदायाला मी वर्गात बोलवायची. जर्मनीत ज्यांनी पहिली प्रयोगशाळा उघडली, ते म्हणणार, बाळा, रडताना तुला काय काय जाणवतंय ते आधी सुटं सुटं करून सांग. बाळाला बोलता येत नाही म्हटल्यावर त्यांचं काम तिथेच अडलं. समष्टिवादी म्हणणार, नुसतं रडणं वेगळं काढून बघू नका. संध्याकाळ, रिकामी खोली, लांब जाणारी पावलं, हे सगळं मिळून एकच चित्र आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर म्हणणार, घाई नाही, तीस वर्षांनी या, कोचावर पडा आणि सांगा. इथे वर्ग हमखास हसायचा. हसू ओसरलं की मी वर्तनवाद्यांना बोलवायची, कारण ते माझे लाडके होते. ते म्हणणार, मुलाच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही, तेव्हा त्याबद्दल मी बोलणार नाही. मला एवढंच दिसतं की ते रडलं आणि तुम्ही उचललंत. म्हणून ते उद्या पुन्हा रडेल. उचलणं थांबवा, रडणं थांबेल.

मग मी कपाटातून एक फ्रेम काढून टेबलावर उभी करायची. फ्रेममध्ये काळ्या शाईनं काढलेला आलेख. आडव्या रेषेवर दिवस, एक ते पंधरा. उभ्या रेषेवर रडण्याची मिनिटं. पहिल्या दिवशी पंचेचाळीस, मग एकोणचाळीस, सदतीस, एकतीस. पाचव्या दिवशी बारा, सहाव्या दिवशी चार, आणि सातव्यापासून शेवटपर्यंत शून्य. खाली वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'बालिका, वय पाच महिने'. ही बालिका म्हणजे माझी मुलगी सिद्धी.

'मग मॅडम, ताई आता कशा आहेत?' कुणीतरी विचारायचंच.

'उत्तम. तेव्हापासून रडलीच नाही.'

पुन्हा हशा. हा विनोद एकाही वर्षी फसला नाही, म्हणून मी तो सोडला नाही. खरं तर तो विनोद नव्हता.

सिद्धीला बंगळुरूला जाऊन चौदा वर्षं झाली. दर रविवारी अकरा वाजता ती मला नागपूरला फोन करायची आणि सव्वाअकराला ठेवायची. त्या पाव तासात सगळं नीट सांगायची, काही लपवायची नाही. लग्न ठरल्याचं मला रविवारीच कळलं, दिवस गेल्याचंही रविवारीच. बाळंतपणाला येऊ का म्हटलं तर म्हणाली, 'नको आई, इकडे सगळी सोय आहे. तुझी उगाच धावपळ.' आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निदान भांडले असते. माझ्या शेजारच्या वीणाला तिच्या मुलीचा दिवसातून चार वेळा फोन येतो. वरणाला फोडणी कधी घालायची हेसुद्धा ती आईला विचारते, आणि वीणा माझ्याकडे येऊन कुरकुरते की कार्टी जीव खाते. माझा जीव कुणीतरी खावा म्हणून मी किती वर्षं वाट बघत होते, ते मी वीणाला कधी सांगितलं नाही.

आणि एका बुधवारी, दुपारी साडेतीनला सिद्धीचा फोन आला. बुधवार बघून मी पहिल्याच रिंगला उचलला.

'आई, माझी रजा तीन आठवड्यांत संपतेय. ऑफिसच्या डेकेअरमध्ये मुलांना दुपारी आपलं आपण झोपावं लागतं, आणि कस्तुरी खांद्याशिवाय झोपतच नाही. तू मला शिकवलं होतंस तसं तिला शिकव ना. तू ये. आणि येताना ती फ्रेम आण, प्लीज.'

मला त्यातलं फक्त 'तू ये' ऐकू आलं. तिकीट काढलं, रव्याचे लाडू केले, कस्तुरीसाठी मऊ जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. फ्रेम साडीत गुंडाळायला घेतली तेव्हा कुठे बाकीचं वाक्य डोक्यात शिरलं. ही फ्रेम मला निवृत्तीच्या दिवशी विभागानं भेट दिली होती. भिंतींना रंग द्यायचा होता, त्यांनाही ती कुठेतरी ठेवायचीच होती.

मारतहळ्ळीला सिद्धीचं घर अकराव्या मजल्यावर. गॅलरीतून रिंग रोड दिसतो आणि पलीकडे काचेच्या इमारती, त्यातल्या एकीत तिचं ऑफिस. जावई अमित कामासाठी महिनाभर परदेशी होता. सिद्धीनं दार उघडलं, वाकून नमस्कार केला, माझ्या हातातली बॅग घेतली, पाणी आणलं. सगळं अगदी वेळच्या वेळी. मी तिच्या गालाला हात लावला तेव्हा ती थांबली, माझा हात निघेपर्यंत नीट उभी राहिली आणि मग म्हणाली, 'चहा टाकते.'

रजेवर असूनही ती दिवसातून दोनदा लॅपटॉप उघडून बसायची. बसली की तिचा डावा हात आपोआप डाव्या कानाकडे जायचा. कानाची पाळी दोन बोटांत धरून ती हळूहळू चोळत राहते. दहावीच्या पेपराला मी ते बघितलंय, तिचे बाबा गेले तेव्हा बघितलंय, तिच्या सप्तपदीलाही. त्या कानात ती काही घालत नाही, टोचतं म्हणते. लग्नात सासूबाईंनी दोनदा टोकलं होतं. मी तेव्हा दुसरीकडे बघत होते.

सकाळी नऊला सकवारअक्का यायच्या. कस्तुरीला तेल लावून न्हाऊ घालायला. पासष्टीच्या, ठसठशीत बांध्याच्या, जयनगरात जन्मलेल्या. त्यांच्या घराण्याला इथे येऊन साडेतीनशे वर्षं झाली म्हणतात, आणि मराठी अजून घरात आहे, फक्त कानडीला मांडीला मांडी लावून बसलेली. बाळाला त्या 'मगु' म्हणतात. पाय लांब करून, पायांवर कस्तुरीला पालथी टाकून त्या गरम पाणी घालायच्या, मग तिच्या ओल्या जावळाला सांब्राणीची धुरी द्यायच्या आणि ती झोपेपर्यंत मांडीवरून खाली ठेवायच्या नाहीत. त्यांचं काम अंघोळीपुरतं होतं. वरचा तासभर त्या आपल्या हौसेनं बसायच्या.

मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सिद्धीनं फ्रेमचा फोटो काढला, मोठा छापून आणला आणि फ्रिजवर लावला. शेजारी तसाच दुसरा रिकामा कागद. त्यावर ती कस्तुरीचा आलेख लाल पेननं काढणार होती.

'अक्का, हे काय, करंट बिल काय?' सकवारअक्कांनी मला विचारलं.

मी सांगितलं काय ते. त्यांनी ऐकून घेतलं. 'सरी,' म्हणाल्या, म्हणजे बरं. मग जरा वेळानं, 'मगु म्हणजे स्वल्प रडणारच की. रडलं तर उचलायचं. त्याला कागद कशाला लागतो?'

माझ्या पहिल्या तासाच्या पोरांचंच उत्तर होतं ते. मी त्यांना खाली बसवू शकले नाही, त्या आधीच खाली बसलेल्या होत्या.

आता मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते लिहिते. १९८८चा एप्रिल. आमचे विभागप्रमुख योगीराज सर कट्टर वर्तनवादी. अमेरिकेत त्या मताचा भर ओसरून वीस वर्षं झाली होती, पण आमच्या अभ्यासक्रमात ते तेव्हा ऐन तारुण्यात होतं. सर दुष्ट नव्हते. कुणी 'मन' म्हटलं की चष्मा काढून पुसायचे, एवढंच. मी नवी, अजून नोकरीत कायम न झालेली. नवरा चंद्रपूरला बँकेत, शनिवारी घरी येणारा. एकदा सर म्हणाले, 'उल्काबाई, तुमच्या घरातच प्रयोगशाळा आहे आणि तुम्ही नुसती पुस्तकं वाचताय.' त्यांनी मला विभागाचं स्टॉपवॉच आणि एक तक्ता दिला. दुपारी एकला मुलीला पाळण्यात ठेवायचं, दार लावायचं आणि बाहेर बसायचं. रडणं सुरू झालं की घड्याळ सुरू, थांबलं की बंद. तक्त्यात तीन रकाने होते. तारीख, वेळ, रडण्याची मिनिटं.

चार दिवस मी बसले. बाहेर नागपूरचं ऊन, आत माझी मुलगी, मध्ये दार. चौथ्या दिवशी दुधानं माझा ब्लाउज भिजला होता आणि मी काटा बघत होते. पाचव्या दिवशी बाराव्या मिनिटाला मी उठले आणि दार उघडलं. काही ठरवून नाही. तिला खांद्यावर घेतलं. हुंदके देत देत ती गप्प झाली, तिची दोन बोटं माझ्या कानाच्या पाळीवर आली आणि पाळी चोळता चोळता ती झोपली. मी घड्याळ बंद केलं. तक्त्यात लिहिलं, बारा.

खोटं काहीच नव्हतं, हीच तर त्यातली मेख. रडणं बाराव्या मिनिटाला थांबलंच होतं. कशानं थांबलं, असा रकाना तक्त्यात नव्हता. सहाव्या दिवशी चौथ्या मिनिटाला दार उघडलं आणि चार लिहिले. सातव्या दिवसापासून तिला खाली ठेवलीच नाही. मी आत जायची, आतून कडी लावायची, आणि तिला मांडीवर घेऊन तीन वाजेपर्यंत बसून राहायची. कानातल्या कुड्या काढून ठेवल्या, कारण तिच्या बोटांना टोचायच्या. विभागात कुणी विचारलं तर सांगितलं, कान पिकलाय. बाहेर येऊन तक्त्यात शून्य भरायचं. मांडीवरचं मूल कशाला रडेल? अशा मला अकरा दुपारी मिळाल्या. सगळ्या आयुष्यात तेवढ्याच.

सरांनी स्वतः शाईनं आलेख काढला. इतकी देखणी रेघ त्यांनी पुस्तकाबाहेर पाहिली नव्हती. तो विभागाच्या पुस्तिकेत छापून आला, मी कायम झाले, आणि जूनपासून माझे तास दुपारचे लागले. सिद्धी पाळणाघरात जायला लागली. आणि मला त्या आलेखाची आई होऊन राहणं भाग पडलं. लोक घरी यायचे तेच मुळी आलेखातली मुलगी बघायला. ती तीन वर्षांची असताना सर आणि विभागातले तिघं-चौघं आमच्या अंगणात चहाला बसले होते. ती पायरीवरून पडली. गुडघा फुटला. एकदाच ओरडली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. मी कप खाली ठेवला नाही. म्हणाले, 'उठेल ती.' ती उठली. नळावर गेली, गुडघा धुतला. सर खूश होऊन मान हलवत होते. पाहुणे गेल्यावर मी तिच्याजवळ धावत गेले तर म्हणाली, 'आता नाही दुखत.'

त्यानंतर तिनं मला कधी काही दुखलेलं दाखवलं नाही. आलेखातली नऊ शून्यं नुसती कागदावरची होती. खरं शून्य हे.

पुढे अभ्यासक्रम बदलला, नवे संप्रदाय आले. माकडाच्या पिल्लांना दोन आया दिल्याच्या प्रयोगाचं प्रकरण आलं. एक तारेची, दूध पाजणारी. दुसरी नुसती मऊ फडक्याची, दूध नसलेली. पिल्लं दूध प्यायला तारेच्या आईकडे जायची आणि बाकी सगळा दिवस फडक्याच्या आईला बिलगून काढायची. दर वर्षी तो तास आला की मी वर्गाला सांगायची, हे घरी वाचा, सोपं आहे, पाच गुणांना येतं. मला ते फळ्यापुढे उभं राहून म्हणता आलं नसतं.

मारतहळ्ळीत पहिल्या चार दिवसांत कस्तुरीचे आकडे आले चाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस, अडतीस. सिद्धी दारासमोर फरशीवर मांडी घालून बसायची, फोनमधलं घड्याळ लावून. मी स्वयंपाकघरात. मी म्हणायची, 'आजच्या दिवस राहू दे.' ती म्हणायची, 'आई, मध्ये सोडलं तर सगळं वाया जातं, हे तूच लिहिलंयस.' मीच लिहिलं होतं, विभागाच्या त्या पुस्तिकेत. रोज सकाळी मी ठरवायची की आज सांगेन. आणि रोज मला भीती वाटायची. नोकरीची नाही, ती केव्हाच संपली. सिद्धीनं मला सदतीस वर्षांत एकदा बोलावलं होतं, तेही ह्या आलेखासाठी. तो खोटा ठरला तर मला इथे राहायला काय कारण उरलं असतं?

चौथ्या दिवशी सकाळी सकवारअक्का तेल लावता लावता म्हणाल्या, 'मगु आता रडताना दाराकडं बघतंय. काल शेजारच्या बाई सांगत होत्या, खाली लिफ्टपर्यंत आवाज येतो.' त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'तुमी खरंच उचललं न्हाई काय अक्का, तुमच्या मुलीला? येवढं धैर्य मला नसतं झालं.'

त्या बोलल्या त्यात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. मी चहा करायला म्हणून उठले आणि ओट्याशी उभी राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी सिद्धी दाराबाहेर बसली. मी स्वयंपाकघर सोडून तिच्याजवळ जाऊन बसले. आत कस्तुरीचा आवाज चढत गेला.

'बारा झाले,' सिद्धी म्हणाली. 'तुझ्या आलेखात पाचव्या दिवशी इथेच थांबलं होतं.'

मी दाराच्या कडीकडे बघत होते.

'पंधरा.' तिनं डोकं भिंतीला टेकलं. डोळे कोरडे होते, डावा हात कानावर. 'आई, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तू बसू शकलीस. मी बसले की माझे हात थरथरतात. तिला ते दारातून कळत असणार. तुझ्यासारखं मला जमत नाहीये.'

'सिद्धी, बाराव्या मिनिटाला मी दार उघडलं होतं.'

तिनं माझ्याकडे बघितलं. 'म्हणजे?'

'म्हणजे तू रडायची थांबलीस, कारण मी तुला उचललं.'

सिद्धी एका क्षणात उठली, दार उघडलं, आत गेली आणि कस्तुरीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. कस्तुरीचा चेहरा लाल झाला होता, श्वास अडकत होता. सिद्धी तिच्या पाठीवरून हात फिरवत हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागली. कस्तुरी शांत झाल्यावर तिनं विचारलं, 'आणि सहाव्या दिवशी?'

'चौथ्या मिनिटाला.'

'आणि ती सगळी शून्यं?'

'तुला खाली ठेवलंच नाही. आतून कडी लावून मांडीवर घेऊन बसायची. रोज दोन तास. कुड्या काढून ठेवायची, तुला टोचायच्या म्हणून.'

'आई, याला आमच्याकडे फ्रॉड म्हणतात.'

'आमच्याकडेही तेच म्हणतात.'

ती हसणार होती, पण हसू अर्ध्यावर राहिलं. 'हे तू आत्ता मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत? कशावरून खरं?'

माझ्याकडे नोंद नव्हती. आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगितली की नोंद नसेल तर ते घडलं नाही, आणि माझ्याकडे त्या अकरा दुपारींची एका ओळीची नोंद नव्हती. मग मी म्हटलं, 'तुझा हात कुठे आहे बघ.'

तिचा डावा हात कानावर होता. तिनं तो काढला आणि तळव्याकडे बघत राहिली.

'ती माझ्या कानाची सवय आहे,' मी म्हटलं. 'खांद्यावर झोपताना तू माझी पाळी चोळायचीस. मी जवळ नसले की स्वतःची धरायला लागलीस. दहावीला, बाबा गेले तेव्हा, लग्नात, प्रत्येक वेळी मी बघितलंय. पाळण्यात एकट्या पडलेल्या मुलाला ही सवय लागत नाही, सिद्धी. एवढं तरी माझं शास्त्र मला शिकवतं.'

कस्तुरी तिच्या खांद्यावर पेंगायला लागली होती. खालून रिंग रोडचे हॉर्न येत होते. सिद्धी सोफ्याच्या कडेवर बसली आणि खालच्या आवाजात, जसं रविवारी बोलते तसं, म्हणाली, 'मग नंतर का नाही?'

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. सदतीस वर्षं माहीत होतं.

'मला गुडघा आठवतो,' ती म्हणाली. 'सगळे चहा पीत होते. मी तुझ्याकडे बघितलं होतं.'

'मीही बघितलं होतं.'

'मग?'

'सगळे आलेख बघायला आले होते. मी उठले असते तर तो खोटा ठरला असता. मी घाबरले. तुझ्यापेक्षा मी त्या कागदाला जपलं. मग ते रोजचंच झालं, आणि तू येईनाशी झालीस, आणि तुला हाक कशी मारायची ते मला कळेना. मला तुला उचलायचं होतं, सिद्धी. एक दिवस असा गेला नाही. पण उचललं नाही ते नाहीच.'

तिनं मान हलवली. माफ केल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग कस्तुरीला सांभाळत उठली, खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी तिथेच फरशीवर बसून राहिले, चार दिवस ती बसली होती त्याच जागी. आतून रडण्याचा आवाज नव्हता. पंख्याचा होता. फ्रिजवर माझा काळा आलेख आणि तिचा लाल, दोन्ही समोर दिसत होते. लाल रेघ चार दिवसांची, वेडीवाकडी, पण तिच्यात खोट नव्हती. इतके संप्रदाय शिकवले, पण ह्या दाराच्या ह्या बाजूला बसलेल्या बाईनं काय करावं, हे मला एकाही संप्रदायात सापडेना. मला फक्त तिनं बोलवायला हवं होतं. कामासाठी नाही, फ्रेमसाठी नाही. उद्या परत जायला सांगायलासुद्धा चाललं असतं, पण तिनं हाक मारायला हवी होती.

बराच वेळ गेला. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकून माझ्या पायांपर्यंत आला.

'आई.'

मोठ्यानं नाही. मूल जागं होऊ नये इतकंच.

पहिल्या हाकेला जायचं नाही, थोडं थांबायचं, हा नियम मी कितीतरी तरुण आयांना सांगितलाय. दुसरी हाक यायच्या आत मी उठले. मला आता जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागते, गुडघे दुखतात, पण उठले.

खोलीत पडदा ओढलेला होता. सिद्धी कुशीवर झोपली होती, कस्तुरी तिच्या दंडावर. पलंगाची अलीकडची बाजू तिनं रिकामी ठेवली होती. मी कडेला टेकले, मग आडवी झाले. ती वळली नाही. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडतेय हे मला जरा उशिरा कळलं, कारण तिचा रडण्याचा आवाज मला ओळखीचा नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ह्या वेळी ती माझा हात निघायची वाट बघत नव्हती.

'कुड्या काढ,' ती म्हणाली. 'टोचतात.'

मी दोन्ही हात कानाकडे नेले. उजवी लगेच निघाली. डावीची फिरकी घट्ट बसली होती, वर्षानुवर्षं काढलीच नव्हती, त्यामुळे सुटायला वेळ लागला. सिद्धी थांबली.